वज्री: टाचा घासायची मातीची वस्तू

म्युझियममधल्या भारतीय उत्खननाच्या कपाटात मणी, बांगड्यांचे तुकडे आणि मातीचे बैल यांच्याशेजारी कधीकधी मुठीत मावेल असा भाजक्या मातीचा तुकडा दिसतो. त्याची एक बाजू मुद्दाम खडबडीत केलेली असते. खाली चिठ्ठी असते, ‘स्किन रबर’. वाचून काहीच कळत नाही आणि आपण पुढे जातो.

मराठीत याला साधं नाव आहे: वज्री. आंघोळ करताना टाचा आणि तळवे घासायची वस्तू.

ओल्या मातीवर टोचे मारायचे किंवा आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या आणि मग भाजायचं. भाजल्यावर त्या खाचांच्या कडा कडक होतात. टाच पाण्यानं मऊ झाली की या कडा वरची मेलेली कातडी खरवडून काढतात. हा काही नुसता नटण्याचा प्रकार नव्हता. अनवाणी राबणाऱ्या माणसाची टाच फुटली, भेगेत माती गेली, की चालणंच अवघड होतं.

नेवासे, तेर इथल्या उत्खननांत सातवाहनकाळातल्या अशा मातीच्या वज्र्या सापडल्या आहेत, म्हणजे सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या. ही गरज फक्त आपलीच नव्हती. एडवर्ड लेन यानं 1836 मध्ये इजिप्तवर लिहिलेल्या पुस्तकात कैरोच्या हमामातल्या भाजक्या मातीच्या अशाच वस्तूंचं वर्णन केलं आहे.

मग आपण वज्री विसरलो कशी? चपला-बूट आले, प्यूमिस स्टोन आणि प्लॅस्टिकचे ब्रश आले. आणखी एक कारण म्हणजे मातीची वज्री फुटली की लोक फेकून द्यायचे. पितळेच्या, पक्षी-प्राण्यांच्या आकाराच्या वज्र्या मात्र जपल्या गेल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या बघायला मिळतात. त्यामुळे आज वज्री म्हटलं की श्रीमंत घरातली शोभेची वस्तूच डोळ्यांपुढे येते. गरिबाघरची वज्री एकतर जमिनीखाली सापडते, नाहीतर कुणाच्या तरी आठवणीत.

म्हणून पुढच्या व्हिडिओ कॉलवर एक प्रश्न विचारून बघा: “आजी, तू टाचा कशानं घासायचीस?” कुणी वज्री म्हणेल, कुणी दगड, कुणी फुटक्या कौलाचा तुकडा. जे सांगेल ते गावाच्या नावासकट लिहून ठेवा. म्हणजे पुढे कुणाला तो मातीचा तुकडा सापडला, तर त्याच्या चिठ्ठीवर निदान त्याचं खरं नाव तरी असेल.