गुडघ्याच्या दुर्बीण शस्त्रक्रियेवरील नैदानिक चाचण्या

झिजलेल्या गुडघ्यातील वेदना कमी करण्यासाठी दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा रुग्णाला कितपत उपयोग होतो, हे तपासण्यासाठी विशेषतः २००२ सालापासून अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील देशांत अनेक तुलनात्मक नैदानिक चाचण्या झाल्या. त्यांपैकी काही चाचण्यांत रुग्णांच्या एका गटावर केवळ त्वचेला छेद देऊन किंवा सांध्याची नुसती पाहणी करून ‘छद्म शस्त्रक्रिया’ करण्यात आली. मध्यमवयीन व वृद्ध रुग्णांच्या गुडघ्यातील झिजेवर ही शस्त्रक्रिया छद्म शस्त्रक्रियेपेक्षा अथवा व्यायामोपचारापेक्षा लक्षणीयरीत्या सरस ठरत नाही, असा या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष आहे. अस्थिरोग शल्यचिकित्सेत रूढ असलेल्या एका उपचाराची फेरतपासणी म्हणून या संशोधनास महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. बोलभाषेत त्यांचा उल्लेख ‘गुडघ्यातील गादी’ असाही होतो. चालताना व उडी मारताना सांध्यावर येणारा भार या कूर्चा विभागून घेतात. वयोमानानुसार त्या ठिसूळ होतात व कोणतीही दुखापत न होता त्यांना फाट पडू शकते. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेचीही झीज होते. या विकारास ऑस्टिओआर्थ्रायटिस असे नाव आहे.

सांध्यात बारीक नळी घालून आतील भाग पाहण्याच्या तंत्रास आर्थ्रोस्कोपी म्हणतात. मराठीत ते ‘दुर्बिणीची तपासणी’ किंवा ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणून परिचित आहे. टोकियो येथील केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याच्या नळीने मृतदेहाच्या गुडघ्याचे निरीक्षण केले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी या साधनात मोठ्या सुधारणा केल्या आणि १९६२ मध्ये दुर्बिणीतून मेनिस्कसचा फाटलेला भाग काढला. पुढे छोट्या छेदांतून होणारी व रुग्णास लवकर घरी जाऊ देणारी ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. झिजलेल्या गुडघ्यासाठी तिचे मुख्यतः तीन प्रकार केले जात: सांधा क्षारजलाने धुणे, खडबडीत कूर्चा खरवडून साफ करणे आणि मेनिस्कसचा फाटलेला भाग कापून काढणे. शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांना बरे वाटे, हाच तिच्या उपयुक्ततेचा पुरावा मानला जात असे.

छद्म शस्त्रक्रियेचे प्रयोजन

शस्त्रक्रियेनंतर रुग्णास बरे वाटले, एवढ्यावरून ते शस्त्रक्रियेमुळेच वाटले असे सिद्ध होत नाही. झिजेच्या दुखण्यात चढउतार असतात. दुखणे विकोपास गेले की रुग्ण वैद्याकडे जातो आणि त्यानंतर ते बहुधा आपोआप काहीसे उतरते. शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, व्यायाम आणि बरे होण्याची अपेक्षा यांचाही परिणाम होतो. औषधाच्या चाचणीत हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन हे घटक वेगळे काढता येतात. शस्त्रक्रियेच्या चाचणीत तेच काम छद्म शस्त्रक्रिया करते.

यास जुने उदाहरण आहे. हृदयशूळावर छातीतील एक धमनी बांधण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात अमेरिकेत केली जात असे. त्या दशकाच्या अखेरीस झालेल्या लहान चाचण्यांत केवळ त्वचेला छेद दिलेल्या रुग्णांनाही तितकाच आराम पडल्याचे आढळले आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली.

प्रमुख चाचण्या

ह्यूस्टन येथील चाचणी (२००२): अमेरिकेतील ह्यूस्टन येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली व सहकाऱ्यांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या १८० रुग्णांची चाचणी घेतली. सांधा धुणे, खरवडून साफ करणे आणि छद्म शस्त्रक्रिया असे तीन गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने पाडण्यात आले. रुग्ण कोणत्या गटात आहे हे सांगणारे पाकीट शस्त्रक्रियागृहातच उघडले जाई. छद्म गटातील रुग्णांच्या गुडघ्यावर तीन छोटे छेद देण्यात आले. शल्यचिकित्सकाने नेहमीप्रमाणे उपकरणे मागितली, गुडघा हलवला, पाण्याचा आवाजही केला. मात्र सांध्यात दुर्बीण घातली नाही. दोन वर्षांच्या काळात वेदना किंवा हालचाल यांबाबत खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट कोणत्याही टप्प्यावर छद्म गटापेक्षा सरस ठरले नाहीत.

कॅनडातील चाचणी (२००८): ऑन्टारिओ प्रांतातील लंडन या शहरात झालेल्या या चाचणीत १७८ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. दोन्ही गटांना औषधे व भौतिकोपचार मिळाले. एका गटावर त्याशिवाय शस्त्रक्रियाही झाली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती.

फ्रेमिंगहॅम येथील पाहणी (२००८): ही उपचाराची चाचणी नव्हती, परंतु तिने निदानाविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित केला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील ५० ते ९० वयाच्या ९९१ व्यक्तींच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले. मेनिस्कसला फाट असलेल्यांपैकी ६१ टक्के व्यक्तींना आधीच्या महिन्यात गुडघ्यात वेदना किंवा ताठरपणा जाणवला नव्हता. एमआरआयमध्ये दिसलेली फाट हेच दुखण्याचे कारण असते, हे गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले.

फिनलंडमधील चाचणी (२०१३): ‘फिडेलिटी’ या नावाच्या या चाचणीत पाच रुग्णालयांतील ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण होते. त्यांच्या मेनिस्कसला झिजेमुळे फाट पडली होती, मात्र ऑस्टिओआर्थ्रायटिस नव्हता. सर्वांच्या सांध्याची दुर्बिणीतून पाहणी केल्यानंतर एका गटाचा फाटलेला भाग काढला गेला आणि दुसऱ्या गटात तसा केवळ आभास निर्माण करण्यात आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांतील बहुसंख्य रुग्णांची प्रकृती सुधारली होती आणि गटांत लक्षणीय फरक नव्हता. पाच वर्षांनंतरही हाच निष्कर्ष कायम राहिला. उलट शस्त्रक्रिया झालेल्या गटात क्ष-किरण चित्रांवर झिजेची वाढ किंचित अधिक दिसली.

व्यायामाशी तुलना: नॉर्वेतील १४० रुग्णांच्या चाचणीत (२०१६) आणि नेदरलँड्समधील ३२१ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) व्यायामोपचाराची शस्त्रक्रियेशी तुलना झाली. दोन वर्षांनंतर व्यायामाचा गट शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा मागे नव्हता. नॉर्वेतील चाचणीत मांडीच्या स्नायूंची ताकद व्यायामाच्या गटात सुरुवातीच्या महिन्यांत अधिक वाढली.

आक्षेप

या चाचण्यांवर शल्यचिकित्सकांकडून अनेक आक्षेप घेण्यात आले. ह्यूस्टनच्या चाचणीतील जवळजवळ सर्व रुग्ण पुरुष होते आणि सर्व शस्त्रक्रिया एकाच शल्यचिकित्सकाने केल्या होत्या. अमेरिकेतील सात केंद्रांत झालेल्या ‘मेटिओर’ चाचणीत (२०१३) सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे निकाल सारखे आले. परंतु भौतिकोपचाराच्या गटातील सुमारे ३० टक्के रुग्णांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. व्यायामाने आराम न पडणाऱ्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय राहिला पाहिजे, असा अर्थ काहींनी त्यातून काढला. ज्यांचे गट बदलत नाहीत अशा छद्म शस्त्रक्रियेच्या चाचण्यांना या वादात म्हणूनच अधिक वजन प्राप्त झाले.

नैतिक प्रश्न

उपचाराचा लाभ नसताना रुग्णाच्या शरीरास छेद देणे योग्य आहे काय, हा छद्म शस्त्रक्रियेविषयीचा मुख्य प्रश्न आहे. ह्यूस्टनच्या चाचणीत आपल्यावर केवळ छद्म शस्त्रक्रिया होऊ शकते आणि तिचा झिजेवर उपयोग होणार नाही, हे समजल्याचे प्रत्येक रुग्णाकडून स्वहस्ते लिहून घेण्यात आले होते. पात्र असलेल्या ३२४ रुग्णांपैकी १४४ जणांनी सहभागास नकार दिला. समर्थकांच्या मते काही थोड्या रुग्णांनी समजून-उमजून पत्करलेला हा धोका, लाखो रुग्णांवर न तपासलेली शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे करीत राहण्यापेक्षा कमी आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होणे व सांध्यास जंतुसंसर्ग होणे असे धोके क्वचित का होईना, असतातच.

उपचारपद्धतीवरील परिणाम

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत झिजेच्या विकारात जवळजवळ कोणत्याही रुग्णावर ही शस्त्रक्रिया करू नये, असा ठाम सल्ला देण्यात आला. तीन महिन्यांनी १५ टक्क्यांहून कमी रुग्णांना अल्प सुधारणा जाणवते व वर्षभरात तीही टिकत नाही, असे त्यात नमूद आहे. जगभरात अशा २० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया दरवर्षी होतात, असा अंदाजही तेथे दिला आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२२ मधील आढाव्यात १६ चाचण्यांतील २,१०५ रुग्णांच्या निष्कर्षांचा एकत्र विचार करण्यात आला. वेदना व हालचाल यांबाबत शस्त्रक्रियेचा फारसा लाभ नाही, असे मत त्यातही मांडले गेले.

निष्कर्षांची व्याप्ती

हे निष्कर्ष गुडघ्यावरील प्रत्येक शस्त्रक्रियेस लागू होत नाहीत. अपघातात किंवा खेळताना अस्थिबंध तुटणे, फाटलेला तुकडा अडकून गुडघा एकाएकी सरळ न होणे, सांध्यात पू होणे अशा स्थितींचा विचार वरील चाचण्यांत झालेला नाही. त्यांत दुर्बीण शस्त्रक्रिया आवश्यक ठरू शकते.

सांधेरोपणाचा प्रश्नही निराळा आहे. डेन्मार्कमधील १०० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) एका गटाला व्यायाम, आहारसल्ला व औषधे असा उपचार देण्यात आला, तर दुसऱ्या गटाचा गुडघा बदलून तोच उपचार पुढे चालू ठेवला गेला. वर्षभरानंतर सांधेरोपण झालेल्या गटात सुधारणा स्पष्टपणे अधिक होती, मात्र गंभीर दुष्परिणामही त्याच गटात अधिक आढळले. दुसरीकडे, शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या ५० रुग्णांपैकी केवळ १३ जणांना त्या वर्षात सांधा बदलून घ्यावा लागला. त्यामुळे या संशोधनाचा रोख सरसकट शस्त्रक्रियेविरुद्ध नसून, प्रत्येक शस्त्रक्रियेचा लाभ स्वतंत्रपणे तपासला जावा, याकडे आहे.