गुलामांनी जिंकलेले युद्ध : हैती, १७९१ ते १८०४

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण सर्व जाणतो. त्याच्याही सुमारे सत्तर वर्षे आधी कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर गुलामांनी स्वतःच शस्त्र धरून आपली मुक्ती मिळवली होती. ते युद्ध कसे घडले, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

आजचा हैती तेव्हा सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होता. साखर व कॉफी यांच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मैदानात उठाव झाला आणि मळे पेटले. पहिला नेता बुकमन काही महिन्यांतच मारला गेला, तरीही उठाव शमला नाही.

पुढे स्पेन व इंग्लंड यांनीही या श्रीमंत वसाहतीवर हात टाकला. जन्माने गुलाम असलेले तूसाँ लूव्हर्त्यूर प्रथम स्पेनच्या बाजूने लढले. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली आणि त्याच वर्षी ते फ्रान्सच्या बाजूस आले. त्यांनी विस्कळीत टोळ्यांचे शिस्तबद्ध सैन्य बनवले. १७९८ मध्ये इंग्रजांना बेट सोडावे लागले.

खरी कसोटी १८०२ मध्ये लागली. नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर्क याला मोठ्या आरमारासह पाठवले. तूसाँ यांची युद्धनीती सरळ होती : किनाऱ्यावरील शहरे जाळावीत, डोंगरांत माघार घ्यावी आणि पावसाळ्याची वाट पाहावी. क्रेत-आ-पिएरो या लहानशा किल्ल्यातील शिबंदीने मार्च महिन्यात कित्येक पटींनी मोठ्या फ्रेंच फौजेला रोखून धरले व अखेर रात्री वेढा फोडून ती बाहेर पडली. तथापि एकेक सेनानी फ्रेंचांना मिळत गेला. मे महिन्यात तूसाँ यांनीही तह केला. जूनमध्ये भेटीस बोलावून त्यांना कपटाने कैद करण्यात आले. ७ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील थंड डोंगरी किल्ल्यात त्यांचा अंत झाला.

नेता गेला म्हणजे युद्ध संपले, असे फ्रेंचांना वाटले. परंतु शेतकरी व सामान्य सैनिक यांनी शस्त्रे खाली ठेवली नव्हती. दुसऱ्या फ्रेंच बेटावर, ग्वादलूपमध्ये, गुलामगिरी पुन्हा आणली जात असल्याची वार्ता आली, तेव्हा फ्रेंचांकडे गेलेले काळे व मिश्रवंशीय सेनानीही परतले. इतके दिवस परस्परांशी लढलेले हे दोन गट देसालीन यांच्या नेतृत्वाखाली एक झाले. पिवळ्या तापाने फ्रेंच फौज पोखरली. लक्लेर्कही त्यातच मरण पावला. १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटल्याने समुद्रमार्गे येणारी कुमक तुटली. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर येथे निर्णायक लढाई झाली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

या विजयाची काळी बाजूही आम्ही झाकू इच्छित नाही. १८०४ मध्येच देसालीन यांच्या आज्ञेने तेथे उरलेल्या बहुतेक फ्रेंच रहिवाशांची कत्तल झाली. वैराने वैर शमत नाही, हे धम्माने आपल्याला शिकवले आहे. उलटपक्षी, १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ती रक्कम ९ कोटींवर आली. या मालमत्तेत माणसेही मोजलेली होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनीच आपल्या मुक्तीची किंमत मालकांना चुकवली आणि त्या कर्जाने देश पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिला.

तरीही एक गोष्ट उरते. सेनानी शरण गेले, नेता कैद झाला, तेव्हा लढा ज्यांनी तगवून धरला, त्यांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत. पुन्हा गुलाम व्हायचे नाही, एवढे मात्र त्यांतील प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्या मते या युद्धाचा विजय तेथेच निश्चित झाला.