भरल्या ताटावर उपाशी

मातीविना शेतीत, म्हणजे हायड्रोपोनिक्समध्ये, पान पिवळे पडले की पहिला विचार खताचा येतो. माती नाही, तेव्हा झाडाला अन्न मिळते ते आपण पाण्यात घालू तेवढेच. कमी पडले असेल, आणखी घालावे. हा तर्क सरळ आहे आणि पुष्कळदा घातकही. अन्न पाण्यात असणे वेगळे आणि ते मुळांना घेता येणे वेगळे.

झाडाच्या उपासमारीच्या खुणा वाचण्याची विद्या जुनी आहे. १८६० च्या सुमारास जर्मनीत यूलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी केवळ क्षारांच्या द्रावणात झाडे वाढवली. एखादा क्षार वगळायचा आणि झाडावर काय परिणाम होतो ते पाहायचे, या रीतीतून प्रत्येक कमतरतेचा चेहरा कळत गेला. 'हायड्रोपोनिक्स' हे नाव मात्र १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातील विल्यम गेरिकी यांच्यामुळे रूढ झाले.

या खुणा वाचताना पहिला प्रश्न असा : दुखणे जुन्या पानावर आहे की नव्या? नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडात फिरती असतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देते. म्हणून नत्र कमी पडले की खालची पाने सरसकट पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी पडले तर त्याच पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. पालाशाच्या कमतरतेत कडा करपतात. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा जिथे पोहोचले तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याला दिसते. लोह कमी असेल तर नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या. कॅल्शियम पोहोचले नाही तर लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोके जळतात.

समजा, शेंडा पिवळा आहे आणि टाकीत लोह भरपूर आहे. इथे सामू तपासावा लागतो. बहुतेक पिकांना द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान मानवतो. सामू एका अंकाने चढला की आम्लता दहापटींनी घटते, आणि साधे लोह त्याहून कितीतरी झपाट्याने अविद्राव्य होऊन साक्याच्या रूपात खाली बसते. ताट भरलेले, पण घास उचलता येत नाही. चुनखडीच्या जमिनीत द्राक्षवेलीचे शेंडे पिवळे पडतात, हे आपल्याकडील बागाईतदारांना ठाऊक आहे. त्यामागचे रसायन हेच. बोअरवेलच्या जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे टाकीतला सामू असाच चढतो. शिवाय मुळे नायट्रेट शोषतात तेव्हा तो वाढतो, अमोनियम शोषतात तेव्हा उतरतो. फार उतरणेही वाईट. ५ च्या खाली मुळांना इजा होऊ लागते.

अशा वेळी खत वाढवले की क्षार वाढतात, मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि पानांच्या कडा करपतात. ते पाहून पालाश कमी पडले असे वाटते, आणखी खत पडते, आणि शेवटी अख्खी टाकी हातची जाते.

म्हणून औषधाआधी मोजमाप. सामूमापक ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांत तपासून घ्यावा. बिघडलेले यंत्र आजारी झाडापेक्षा जास्त फसवते. मग विद्युतवाहकता पाहावी. तिच्यावरून एकूण क्षार कळतात, कोणता क्षार किती हे नाही. पाणी घटून वाहकता चढत असेल तर झाड अन्नापेक्षा पाणी जास्त पीत आहे. तिथे साधे पाणी घालावे. मुळेही उचलून पाहावीत. ती तपकिरी, बुळबुळीत असतील तर दोष खताचा नसून मुळांच्या कुजीचा असू शकतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

सामू चढलेला आढळला तर सौम्य केलेले फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्ल थोडे थोडे घालून तो हळूहळू खाली आणावा. लोह चिलेट स्वरूपातले असावे. त्यातही ईडीटीए ६.५ च्या वर दुबळे पडते, तर ईडीडीएचए त्यापुढेही टिकते. एका वेळी एकच बदल करावा आणि काही दिवस थांबावे. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. निदान बरोबर होते की नाही, ते पुढे उमलणारे पान सांगते.