ज्वालामुखी फुटताना दोघांच्या हातात कॅमेरा होता, परतला मात्र एकच

आइसलँड असो, इंडोनेशिया असो नाहीतर हवाई, कुठेही ज्वालामुखी फुटला की आपल्या फीडवर त्याचे रील्स यायला लागतात. लालभडक लाव्हा आणि समोर सेल्फी काढणारी माणसं. बघताना वाटतं, एवढ्या हळू येणाऱ्या लाव्हापासून पळायला काय लागतंय?

खरंय, लाव्हापासून बहुतेकदा पळता येतं. पण ज्वालामुखीत जास्त जीव घेते ती दुसरीच गोष्ट. ती समजून घ्यायला 1980 च्या अमेरिकेत जावं लागेल.

डोंगर फुगत होता

वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्स सव्वाशे वर्षं शांत होता. मार्च 1980 मध्ये धक्के सुरू झाले, मग वाफ आणि राख. आत चढणाऱ्या मॅग्मामुळे डोंगराची उत्तरेकडची बाजू रोज दीड मीटरहून जास्त बाहेर येत होती.

18 मे, रविवार, सकाळचे 8 वाजून 32 मिनिटं. 5.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती फुगलेली बाजू कोसळली. हलवलेल्या सोड्याच्या बाटलीचं बूच उडावं, तसं झालं. तापलेला वायू, राख आणि दगड आडवे सुटले, वेग ताशी 480 किलोमीटरहून जास्त. 57 जणांचा जीव गेला. साधारण 10 किलोमीटरवरून डोंगरावर नजर ठेवणारे शास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन त्यातलेच एक.

दोन फोटोग्राफर

हौशी फोटोग्राफर गॅरी रोझनक्विस्ट ईशान्येला सुमारे 18 किलोमीटरवर होते. त्यांनी पटापट फोटो काढले आणि सोबत्यांसह गाडीतून पळ काढला. मधल्या डोंगररांगांमुळे स्फोटाचा लोट वळला आणि ते वाचले. डोंगर नेमका कसा कोसळला, हे शास्त्रज्ञांना त्यांच्याच फोटोंमधून कळलं.

रॉबर्ट लँड्सबर्ग मात्र डोंगरापासून काही मैलांवरच होते. राखेचा लोट अंगावर येतोय आणि आता सुटका नाही, हे त्यांनी ओळखलं. शक्य तितके फोटो काढले, फिल्म गुंडाळली, कॅमेरा बॅगेत ठेवला आणि स्वतः त्या बॅगेवर आडवे झाले. 17 दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. खाली फिल्म शाबूत होती. जानेवारी 1981 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ते फोटो छापले.

मग धोका लक्षात का येत नाही?

एक तर झूममधून बघताना अंतराचा अंदाज चुकतो. दुसरं म्हणजे आवाजावर विसंबता येत नाही. सेंट हेलेन्सचा स्फोट शेकडो किलोमीटरवर ऐकू गेला, पण जवळच्या अनेकांना जवळपास काहीच ऐकू आलं नाही.

आणि अनुभव असला म्हणजे वाचतो असंही नाही. मॉरिस आणि कातिया क्राफ्त या फ्रेंच जोडप्याने जगभरचे ज्वालामुखी जवळून चित्रित केले होते. 3 जून 1991 ला जपानच्या उन्झेन पर्वतावर असाच राखेचा तप्त लोट आला. 43 जण गेले. त्यात हे दोघं होते, आणि चित्रीकरणासाठी थांबलेले पत्रकारही.

त्यामुळे कधी असा नजारा बघायला गेलातच, तर बंदी घातलेल्या भागात पाऊल टाकू नका. हे लोट दऱ्यांमधून खाली येतात, तेव्हा दरीत किंवा नदीपात्रात थांबू नका. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला ठेवा. राखेचा ढग वर जाण्याऐवजी जमिनीलगत पसरताना दिसला, तर पुढचा फोटो काढत बसू नका. निघा.