दूषित भूमीचा पुनर्विकास : ‘धोका’ आणि ‘जोखीम’

दूषित भूमीच्या पुनर्विकासासंबंधीचे इंग्रजी लेखन मराठीत आणू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती शास्त्राची नव्हे, शब्दांची. इंग्रजीत ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवलेले असतात. मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘धोका’ हाच शब्द योजला जातो. वरवर पाहता ही उणीव क्षुल्लक वाटेल. परंतु या विषयाची सारी मांडणी याच भेदावर उभी आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असूनही या परक्या क्षेत्रात पाऊल टाकीत आहे.

‘धोका’ हा पदार्थाचा गुण होय. शिसे, आर्सेनिक, बेन्झीन ही द्रव्ये अपायकारक आहेत. ती कोठेही असोत, त्यांचा हा गुण पालटत नाही. ‘जोखीम’ हा मात्र गुण नसून संबंध होय. ती उत्पन्न होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : उगम, म्हणजे जमिनीतील अपायकारक द्रव्य, मार्ग, म्हणजे धूळ, भूजल, वायू यांसारखी त्या द्रव्याच्या प्रवासाची वाट, आणि ग्राही, म्हणजे ज्यास अपाय पोहोचतो तो मनुष्य, जलाशय वा वास्तू. यांपैकी एक दुवा जरी तुटला तरी धोका उरेल, पण जोखीम उरणार नाही. ब्रिटनच्या १९९० च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमात १९९५ च्या कायद्याने जो भाग घातला गेला, त्यात दूषित भूमीची व्याख्या याच धर्तीवर केलेली आढळते. जमिनीत द्रव्य असणे एवढ्यावर ती भूमी दूषित ठरत नाही. त्यापासून लक्षणीय अपाय होत असला पाहिजे किंवा होण्याची लक्षणीय शक्यता असली पाहिजे. जलप्रदूषणाचा निकष तेथे निराळा दिला आहे.

या भूमिकेचा पहिला परिणाम असा की, जमिनीची सुरक्षितता तिच्या नियोजित उपयोगावर अवलंबून राहते. जी माती फरसबंद वाहनतळाखाली निरुपद्रवी ठरेल, तीच परसबागेत घातक ठरू शकेल. म्हणून पुनर्विकासापूर्वी जुने नकाशे व कारखान्यांच्या नोंदी पाहणे, माती व भूजल यांचे नमुने तपासणे आणि उगम, मार्ग व ग्राही यांचे संभाव्य दुवे मांडणे हा क्रम पाळावा लागतो. उपाययोजनाही तीनच प्रकारची असू शकते : दूषित माती काढून नेणे वा शुद्ध करणे, आच्छादन वा भिंत घालून मार्ग अडविणे, अथवा जमिनीच्या उपयोगावर बंधन घालून ग्राहीस दूर ठेवणे.

मार्ग कसे उघडतात, हे अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहराच्या ‘लव्ह कनाल’ प्रकरणावरून स्पष्ट होते. अर्धवट सोडलेल्या एका कालव्यात हूकर केमिकल या कंपनीने १९४२ पासून सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ साली ती जमीन स्थानिक शिक्षण मंडळास एका डॉलरला देण्यात आली. खरेदीखतात रासायनिक कचऱ्याचा स्पष्ट उल्लेख होता, आणि पुढील दायित्व घेणाऱ्याचे राहील अशी अटही होती. तेथे शाळा बांधली गेली आणि आसपास घरे उठली. परंतु त्या घरांतील अनेक रहिवाशांस जमिनीखाली काय आहे याची कल्पना नव्हती. बांधकामात मातीचे आवरण भंगले. पुढे पाऊस व बर्फ यांचे पाणी आत साचून रसायने तळघरांत झिरपू लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याने आणि मागोमाग राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. या प्रकरणाचा १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्याच्या निर्मितीत मोठा वाटा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या खरेदीखताने दायित्व एका हातातून दुसऱ्या हातात दिले. जोखीम मात्र लवमात्र कमी केली नाही. सूचना कागदावर होती; ज्यांना तिची गरज होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

लव्ह कनाल येथे नव्या बांधकामाने मार्ग उघडला; परंतु प्रत्यक्ष शुद्धीकरणाचे कामही नवा मार्ग उघडू शकते. इंग्लंडमधील कॉर्बी येथे १९८० साली पोलाद उत्पादन बंद पडल्यावर नगरपरिषदेने त्या जमिनीच्या पुनरुद्धाराचे काम हाती घेतले. दूषित माती वाहनांतून नेताना चिखल रस्त्यांवर सांडला आणि धूळ वाऱ्यावर पसरली. त्या काळात शहरात जन्मलेल्या काही मुलांच्या हातापायांत व्यंगे आढळली. २००९ साली उच्च न्यायालयाने परिषदेवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला आणि २०१० साली तडजोड झाली. उगम नाहीसा करण्याच्या भरात नवा मार्ग निर्माण होतो, तो असा.

आता पुन्हा शब्दाकडे वळू. मराठीत ‘जोखीम’ या शब्दाला आणखी एक छटा आहे. ‘अंगावर जोखीम असताना रात्रीचा प्रवास करू नये’ असे वडीलधारी माणसे म्हणत, तेव्हा जोखीम म्हणजे सोनेनाणे, सांभाळून पोहोचती करावयाची वस्तू. दूषित भूमीच्या बाबतीत हा अर्थ विलक्षण समर्पक ठरतो. लव्ह कनालमधील बहुतेक कचरा आजही तेथेच, आच्छादनाखाली आहे. २००४ मध्ये ते स्थळ राष्ट्रीय अग्रक्रमसूचीतून वगळले गेले; तरी झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याचे काम चालूच ठेवावे लागते. मार्ग अडविणे ही एकदाच उरकावयाची कृती नव्हे. ती पिढ्यानपिढ्या हस्तांतरित करावयाची जबाबदारी होय.

भारतात दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांच्या अंमलबजावणीत नमुने, अहवाल आणि सूचनाफलक तयार होतील. ते ज्या भाषेत लिहिले जातील, ती त्या जमिनीवर राहणाऱ्यास कळली पाहिजे. जेथे ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांतील भेद शब्दांत उरत नाही, तेथे तो व्यवहारातही उरत नाही. मग एकतर निष्कारण भीती पसरते, नाहीतर निष्कारण निर्धास्तपणा. परिभाषा घडविणाऱ्यांवर, म्हणजे आपल्यासारख्यांवर, हीदेखील एक जोखीमच आहे.