किनाऱ्यावरचे बंद घर : आधी वाटे, मग दुरुस्ती, मग धंदा

मुरूड, श्रीवर्धन, हर्णे येथील मोहल्ल्यांतून फिरले की कुलूप लावलेली जुनी घरे दिसतात. घरवाले मुंबईत किंवा आखातात. दार उघडते ते मे महिन्यात किंवा ईदला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वडिलोपार्जित घर विकावे की दुरुस्त करून पर्यटकांना द्यावे, हा प्रश्न त्यानंतर अधिकच टोकदार झाला.

दुरुस्ती करायची तर पहिले काम गवंड्याचे नसून हिशेबाचे आहे. समजा, मरहूम वडिलांच्या मागे आई, तीन भाऊ व दोन बहिणी आहेत. शरीअतप्रमाणे घराचे ६४ भाग धरले तर आईचे ८, प्रत्येक भावाचे १४ व प्रत्येक बहिणीचे ७ होतात. घरपट्टी थोरल्या भावाच्या नावे निघते म्हणून घर त्याच्या एकट्याचे होत नाही. बहिणींना न विचारता काम काढले की पुढे कोर्टकचेरी ठरलेली.

दुसरी गोष्ट, आखातातला भाऊ पैसे पाठवतो ते कोणत्या नात्याने? हदिया म्हणून, कर्ज म्हणून की भागीदारीचे भांडवल म्हणून? हे आधीच साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्येच आहे. भागीदारी असेल तर नफा ठरल्याप्रमाणे वाटता येतो. नुकसान मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच सोसावे लागते. घराची मालकी व दुरुस्तीचे भांडवल यांचे हिशेब वेगळे ठेवावेत.

आता कारागिरांची बाजू. ही घरे बहुधा जांभ्या चिऱ्यांची व चुन्याची. जांभा सच्छिद्र असतो, ओल धरतो व सोडतो. त्यावर बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आत कोंडते, खार फुटतो आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला चुन्याचा गिलावाच मानवतो. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून वापरू नये. तिच्यातील मिठाने सळई गंजून स्लॅब फुटतो. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या गंज न धरणाऱ्या घ्याव्यात. जुने सागवान सुतारांना दाखवल्याशिवाय भंगारात देऊ नये. वादळाचा अनुभव घेतल्यावर वळचणीची व आढ्याची कौले तारेने बांधून घेणे आवश्यक. शोषखड्डा विहिरीपासून दूर असावा, आणि विहिरीवर मोठा पंप लावून उपसा करू नये. समुद्रालगत पाणी मचूळ व्हायला वेळ लागत नाही.

चुन्याचे काम जाणणारे गवंडी व कौलारू छप्पर बसवणारे सुतार आता थोडे उरले आहेत. आपल्या तरुणांनी हे हुनर जुन्या उस्तादांकडून शिकून घेतले तर त्यांना गावातच रोजी मिळेल.

किनारा नियमन कायद्याचाही विचार हवा. १९९१ पासून भरतीरेषेजवळच्या बांधकामावर निर्बंध आहेत. ना-विकास पट्ट्यातील जुने अधिकृत घर दुरुस्त करता येते, पण जोते व चटईक्षेत्र वाढवता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेने तेथील स्थानिक रहिवाशांना होम स्टेची मुभा दिली, तीही घराचे जोते व दर्शनी रूप न बदलता. आपले घर कोणत्या पट्ट्यात येते, हे नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारूनच इस्टिमेट काढावे. निवास-न्याहारी योजनेचीही चौकशी करावी.

पावसाळ्यात गिऱ्हाईक तुरळक असते, पण डागडुजी चुकत नाही. म्हणून वर्षभराचा खर्च आठ महिन्यांच्या कमाईतून निघतो का, हे आधी पाहावे. निघत असेल तर बिस्मिल्लाह करावी. घर वापरात राहील, आईला व बहिणींना त्यांचा वाटा दरसाल मिळेल आणि मोहल्ल्यातल्या चार कारागिरांच्या चुली पेटतील, इन्शाअल्लाह.