२३ दिवसांचं सरकार आणि राष्ट्रपती भवनातली यादी

मागच्या व्याख्यानात आपण जनता पक्षाच्या फुटीपर्यंत आलो होतो. आज त्यातून निघालेलं चौधरी चरणसिंगांचं सरकार पाहू. शपथ २८ जुलै १९७९, राजीनामा २० ऑगस्ट. म्हणजे २३ दिवस.

या गोष्टीची सुरुवात महाराष्ट्राच्या माणसापासून होते. तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण. मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध अविश्वास ठराव त्यांनीच मांडला. मतदान व्हायच्या आतच जनता पक्षातून खासदार भराभर बाहेर पडले आणि १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी आधी चव्हाणांनाच विचारलं, पण त्यांचं गणित काही जुळेना. मग मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून पाठीराख्या खासदारांच्या याद्या मागवल्या. चरणसिंगांचं पारडं जड ठरलं. ते पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान.

पण या यादीत इंदिरा गांधींच्या पक्षाचे खासदारही धरलेले होते, आणि ते मंत्रिमंडळात नव्हते. त्यांचा पाठिंबा बाहेरून. आघाडीतला भागीदार रुसला तरी खुर्ची सोडताना दहादा विचार करतो, कारण त्याचंही काही जाणार असतं. बाहेरच्याचं काय जाणार? हे बहुमत उसनवारीचं होतं, आणि देणाऱ्याला ते कधीही परत मागता येत होतं. त्यात १९७७ मध्ये इंदिरा गांधींना अटक झाली तेव्हा गृहमंत्री हेच चरणसिंग! आणीबाणीतल्या प्रकरणांसाठी विशेष न्यायालयांचा कायदाही नुकताच झाला होता. ते खटले मागे घ्यावेत ही अपेक्षा आपण मान्य केली नाही, असं चरणसिंगांनी पुढे सांगितलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विश्वासमत घ्या, असं राष्ट्रपतींनी सुचवलं होतं. १५ ऑगस्टचं लाल किल्ल्यावरचं भाषण पार पडलं. लोकसभा २० तारखेला भरायची होती. पाठिंबा गेल्याचं आदल्या दिवशी स्पष्ट झालं, आणि पंतप्रधान सभागृहात न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले. सोबत लोकसभा बरखास्त करण्याचा सल्लाही दिला.

राष्ट्रपतींनी तो २२ ऑगस्टला मानला. जनता पक्षाचे नेते जगजीवनराम सरकार बनवायची संधी मागत होते. ती मिळाली नाही. कलम ७५ सांगतं की मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. ज्या मंत्रिमंडळाने लोकसभेचा विश्वास एकदाही मिळवला नाही, त्याच्या सल्ल्याने लोकसभाच जावी, हे आम्हाला आजही पटत नाही. जगजीवनरामांकडे बहुमत होतं की नाही, हे सभागृहातच कळलं असतं. हेच चरणसिंग मग काळजीवाहू म्हणून १४ जानेवारी १९८० पर्यंत पदावर राहिले.

बहुमत सभागृहातच मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं १९९४ मध्ये, बोम्मई खटल्यात. तो निकाल राज्यांबद्दलचा. पण दिल्लीतही १९९६ मध्ये वाजपेयी १३ दिवसांत गेले ते लोकसभेत चर्चेला उत्तर देऊन, आणि १९९९ मध्ये २६९ विरुद्ध २७० अशी मोजणी झाल्यावर.